पुष्पाबाईंनी अंगठा दिला नाही

पुष्पाबाईंनी अंगठा द्यायला नकार दिला, त्या दिवशी त्यांना लकवा होऊन सात आठवडे झाले होते.

उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, उजवा पाय फरपटणारा आणि तोंडात उरलेले दोनच शब्द, 'नाही' आणि 'पाटी'. पाणी पाहिजे असलं तरी पाटी, पंखा बंद करायचा असला तरी पाटी. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण जिभेपर्यंत येता येता त्याची पाटी होऊन जायची. वय एकोणसाठ. त्यातली एकतीस वर्षं धाड गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून गेलेली. गल्लीतल्या कितीतरी जाणत्या पोरांना त्यांनी पहिल्यांदा वजनकाट्यावर घेतलं होतं.

पर्यवेक्षिका सुचिता मॅडम राजीनाम्याचा कागद घेऊन आल्या त्या काही वाईट मनानं नव्हे. पोरांना बाई नाही, काम अडलंय, आणि या वयात असल्या दुखण्यातून माणूस कुठवर उठणार, असं त्या समजावत होत्या. मुलगा शिवम, त्यालाही ते पटलं होतं. त्यानं आईचा पडलेला उजवा हात उचलला आणि अंगठा शाईच्या डबीकडे नेला.

पुष्पाबाईंनी डाव्या हातानं तो हात ओढून घेतला आणि पोटाशी घट्ट धरला.

"नाही," त्या म्हणाल्या.

शिवमनं पुन्हा समजूत घातली. सही जमत नाही, मग अंगठ्यात काय कमीपणा आहे, असं त्याचं म्हणणं. दारात पुष्पाबाईंचे यजमान उकंडराव उभे होते, नुकतेच वावरातून आलेले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बायकोच्या बाजूनं चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ते नाही म्हणून राह्यली ना," ते म्हणाले. "मंग नाही."

कागद पिशवीत परत गेला. राजीनाम्याऐवजी रजेचा अर्ज लिहिला गेला. त्याखाली पुष्पाबाईंनी डाव्या हातानं सही केली. पावसात भिजलेल्या कोंबडीसारखी ती अक्षरं दिसत होती, पण त्यांची होती.

घरात तेव्हा अकरा महिन्यांची नात होती, छकुली. सून राखी दोघींना एकाच वाटीतून मऊ भात भरवायची. छकुली खाटेचा पाय धरून उभी राहायची, धपकन पडायची, आणि सगळं घर टाळ्या वाजवायचं. तीच खाट धरून पुष्पाबाई उठू लागल्या की सगळे धावत येऊन त्यांना खाली बसवायचे. त्यांची नणंद कलाबाई भेटायला आली, तेव्हा त्यांच्या देखत, जणू त्यांना ऐकूही येत नाही अशा थाटात, म्हणाली की आता जेवढं आलं तेवढं आलं, जुन्या झाडाले कुठं पालवी फुटते. पुष्पाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकरू पडलं तर कौतुक आणि आपण पडलो तर कीव, हा कोणता न्याय?

माणूस कसा घडतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी मान धरते, मग पोर कुशीवर वळतं, बसतं, रांगतं. हात आधी अख्ख्या मुठीनं पकडतो, चिमूट फार पुढची. हे त्यांनी हजार आयांना सांगितलं होतं. आपला हात आता मुठीवर येऊन थांबलाय, असा हिशेब त्यांनी लावला आणि तिथूनच सुरुवात केली. राखी भाकरी करायला बसली की त्या पिठाच्या गोळ्याकडे बोट दाखवायच्या. तो गोळा उजव्या हातात ठेवून डाव्या हातानं बोटं मिटायच्या. महिनाभरानं ताटलीत ज्वारी घेतली. पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तीन दाणे उचलले गेले, चौथा खाटेखाली गेला. त्या तो शोधायला वाकल्या आणि कलंडल्या. राखी धावली, तर त्यांनी हात आडवा धरून तिला अडवलं आणि स्वतःच उठल्या. उठायला फार वेळ लागला.

दर गुरुवारी उकंडराव त्यांना एसटीनं बुलढाण्याला नेत. तिथं दवाखान्यात अलीजा नावाची तरुण मुलगी व्यायाम करून घ्यायची. ती एकदा म्हणाली की मेंदूतला एक रस्ता खचला तर मेंदू दुसरा पाडतो, म्हाताऱ्या माणसाचाही पाडतो, फक्त हळू पाडतो आणि रोज चालावं लागतं. पुष्पाबाई परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं की मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांतच होते, त्यालाच जपा. ते खोटं नव्हतं. पण पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

बोलणं मात्र येईना. ते आणलं अजीजुन्निसा आपांनी. आपा अंगणवाडीतल्या मदतनीस, दोघींनी बावीस वर्षं एका चुलीवर खिचडी शिजवलेली. त्या रोज दुपारी येऊन बसायच्या. एक दिवस बोलता बोलता त्यांनी पोरं मोजायच्या सवयीनं सुरुवात केली, एक, दोन... आणि पुष्पाबाईंच्या तोंडून तीन, चार, पाच असे आकडे सरळ वीसपर्यंत निघाले. आपांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाई, फिरसे." सुटा आकडा मात्र मागितला की येत नसे. चार म्हणायचं तर एकपासून चढत जावं लागे. मग वार तसेच आले, महिने आले, त्यांच्या मागून एकेक करत गावच्या लेकरांची नावं, आणि शेवटी अडखळत छोटी छोटी वाक्यं.

दहा महिन्यांनी त्या कामावर हजर व्हायला गेल्या. दवाखान्याचा दाखला होता, तरी तालुक्याहून एक साहेब खात्री करायला अंगणवाडीत आले. शिवम बाहेर मोटारसायकलवर बसून होता. साहेबांनी विचारलं, आज हजर किती?

पुष्पाबाई पोरांकडे वळल्या आणि मोठ्यानं मोजू लागल्या. सात-आठवर आल्या तेव्हा साहेबांनी थांबवलं. म्हणाले, मोजू नका बाई, आकडा सांगा.

त्या थांबल्या. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्यानं. पोरांना तो खेळच वाटला. तीही बाईंबरोबर ओरडू लागली. एकोणीसवर पुष्पाबाई थांबल्या, पोरंही थांबली, आणि त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय का, तुमी मोजा."

साहेबांनी पोरं मोजली. मग हजर झाल्याच्या अर्जावर पुष्पाबाईंनी डाव्या हातानं केलेल्या सहीखाली आपली सही केली.

सगळं काही परत आलं नाही. वेणी अजून राखी घालते. उजव्या हातात खडू टिकत नाही, म्हणून फळ्यावर डाव्या हातानं लिहितात. पाय थंडीत जड होतो. शिवम आता त्यांना सकाळी गाडीवर सोडतो.

महिन्याच्या माता सभेत त्या बोलता बोलता अडतात. समोरच्या एखाद्या बाईला राहवत नाही, ती चटकन शब्द पुढे करते.

"थांब वं," पुष्पाबाई म्हणतात. "माहा शब्द मले आणू दे."

आणि सगळ्याजणी थांबतात.