लिफ्टपाशी डोळे मिटून

चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या इमारतीत खरी साधना करणारी एकच व्यक्ती होती, दारापलीकडे राहणाऱ्या मामी. लिफ्टची वाट पाहत त्या उभ्या असत तेव्हा डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा निर्विकार, श्वास संथ. आमचे सेक्रेटरी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. लिफ्टमध्ये आधी शिरणं हा ते आपला हक्क समजत. पण मामींना अशा अवस्थेत पाहिलं की तेही हात जोडत आणि जिन्याने जात.

मला अशा गोष्टींचा संशय येतो. एकदा मी विचारलंच, कोणता मंत्र म्हणता?

"मंत्र कसला गे? अंग खालीं उतरलं आहे. तें वर ओढतें."

मामी तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. मी साताऱ्याची, बँकेच्या बदलीने इथे आलेली. दिवसभर तमिळ आणि इंग्रजी ऐकून परतल्यावर त्यांची ती तमिळ हेलाची जुनी मराठी कानावर पडली की बूट न काढताच घरी पोचल्यासारखं वाटायचं.

मामींच्या तिसऱ्या बाळंतपणापासूनच काहीतरी सैल झालं होतं. साठी उलटल्यावर गर्भाशय खाली सरकू लागलं. संध्याकाळपर्यंत जड व्हायचं, बाहेर काही येतंय असं वाटायचं. मामींनी कोणालाच सांगितलं नाही. गुडघे दुखतात, एवढंच म्हणत. गुडघ्यांना समाजात मान आहे. गुडघ्यांच्या नावावर त्यांनी देऊळ सोडलं, खाली बसणं सोडलं आणि शेवटी कोलूही सोडला. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो. आईकडून आलेल्या बाहुल्या खोक्यांत घालून माळ्यावर गेल्या.

"अंधारांत आहेत गे त्या," हे मात्र त्या पुन्हा पुन्हा म्हणत. दुसरी तक्रार मी ऐकली नाही.

अखेर मुलीने ओढून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मामींचं हृदय कमजोर, ऑपरेशन धोक्याचं. पण ऑपरेशन हा एकच मार्ग नाही, असं त्या बाईंनी सांगितलं. सिलिकॉनची एक रिंग आत बसवली, म्हणजे सगळं जागच्या जागी राहतं. ती काढून धुवायची, मधूनमधून तपासून घ्यायची, वजन उचलायचं नाही, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करायचा. व्यायामाला जागा लागत नाही. आमच्या लिफ्टला येण्याची घाई नसल्यामुळे वेळही भरपूर मिळे.

पहिली रिंग टी. नगरच्या साडीच्या दुकानात निसटली. हे मामींनी मला बसमध्ये, आवाज खाली न आणता सांगितलं.

"बांगडी तरी पहिलीच बसते काय?"

पुढच्या मापाची बसली. बरं वाटतंय का विचारलं की म्हणत, बरं झालं नाहीं, जागेवर आहे.

त्या नवरात्रात मी माळ्यावरून खोकी उतरवली. मामी खाली जमिनीवर बसल्या. किती वर्षांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. बसल्यावर थोडा वेळ नुसत्या फरशीवरून हात फिरवत राहिल्या. मग एकेक बाहुली पुसून पायरीवर ठेवली. तंजावरची ती डुलणारी बाहुली हातात आल्यावर तिला टिचकी मारली. बाहुली आडवी झाली, उठून उभी राहिली.

"हिचं सगळं वजन खालीं. आणि हीच पडत नाहीं, बघ."

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खाऊन गेल्या. पण एकेक जण जाण्याआधी स्वयंपाकघरात मामींशी काही कुजबुजून गेली. गुडघेदुखी आमच्या इमारतीत बरीच पसरलेली होती.

पुढे सेक्रेटरींनी मामींना विनंती केली की त्यांनी गच्चीवर ध्यानाचा वर्ग घ्यावा. मामी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हो म्हणाल्या, पण फक्त बायकांसाठी. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आधी तपासून घ्या, असं प्रत्येकीला बजावत. मग आम्ही ओळीने उभ्या राहायचो आणि मामी सांगायच्या, वर ओढा, श्वास धरूं नका, तोंड वांकडं करूं नका. बहुतेकींना आवळणं जमे, ढिलं करणं जमत नसे.

"सोड गे," त्या मला म्हणत. "सोडायलाही शिकावं लागतं."

यंदा नवरात्राच्या आधीच, दुपारी झोपेत, त्यांचं हृदय थांबलं. बाहुल्या मुलीने नेल्या. लिफ्ट अजून उशिराच येते. तिच्यासमोर उभी असले की "कां गे, आज उशीर?" असं कोणीतरी मागून विचारील म्हणून माझे कान टवकारलेले असतात. मग लिफ्ट येते आणि मी कोणाशीही न बोलता वर जाते.

शोकसभा गच्चीवर झाली. सेक्रेटरी साधना, वैराग्य आणि आत्मबल यांवर बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी मौन पाळायला सांगितलं. सगळ्या बायका ओळीने उभ्या राहिल्या, डोळे अर्धवट मिटून, निर्विकार चेहऱ्याने. इतकं गाढ मौन आपण कधी पाहिलं नाही, असं सेक्रेटरी नंतर म्हणाले.

तेवढ्या वेळात व्यायाम पुरा होतो.