साल्हेर दीड वेळा

त्या वर्षी माझं वय सेहेचाळीस होतं आणि वजन एक्क्याऐंशी किलो. ट्रेकच्या अर्जावर मी तसंच लिहिलं. बाकी कोणीही खरं वजन लिहिलेलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. एका बाईंनी तर लग्नाच्या वेळचं लिहिलं होतं.

ट्रेकचा ग्रुप आमच्या नाशिकच्या सिडकोतलाच. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ त्याचे लीडर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि हातात नियमांची यादी. मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. आलेला माल मोजायचा, मापात असेल तर पास, नसेल तर परत. या कामाने माझा स्वभाव असा झाला असं बायको म्हणते. माझं म्हणणं, स्वभाव असा होता म्हणूनच काम मिळालं.

साल्हेर बागलाणात आहे. राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, पाच हजार फुटांच्या वर. वर मोठं पठार, तळं, पडलेल्या भिंती, घरांची नुसती जोती, आणि तळ्याजवळ रेणुकेचं देऊळ. तिथून आणखी चढलं की माथा. बायकोचं माहेर सटाण्याजवळचं. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी प्रसंग अवघड झाला होता, तेव्हा माझ्या सासूबाईंनी नवस बोलला होता: दोघी सुखरूप सुटू देत, माझी लेक साल्हेर चढून तुझी खणानारळाने ओटी भरेल. दोघी सुखरूप सुटल्या. पण आधी बाळ लहान, मग शाळा, मग बदली, असं होत गेलं. सासूबाई आठवण करून देत राहिल्या आणि एके दिवशी त्याही गेल्या. मुलगी आता सतरा वर्षांची होती आणि नवस तसाच. आमच्या बिल्डिंगच्या खाली साल्हेरची नोटीस लागली तेव्हा बायकोने मला न विचारता दोघांची नावं दिली.

महिनाभर आम्ही रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो. मी पायऱ्या मोजायचो, ती बोलायची. दोघांनाही दम सारखाच लागायचा.

आता वजनाविषयी. मागच्या ट्रेकला कोणीतरी प्रेशर कुकर आणला होता आणि तो आळीपाळीने सगळ्यांना वाहावा लागला होता. म्हणून लीडरांनी नियम केला की एका सॅकचं वजन सहा किलोच्या वर नको. तपासणीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी घरचा ताणकाटा घेऊन गेलो. पहाटे पायथ्याच्या गावात बस थांबली, लोक रांगेत उभे राहिले, आणि मी एकेक सॅक काट्याला लावू लागलो.

"साहेब, टोपी पण मोजणार का?" एकाने विचारलं.

"सॅकमध्ये असेल तर मोजणार."

"आणि पोटात आहे ते?"

त्यावर बरेच जण हसले. मी हसलो नाही, कारण त्याच्याच सॅकमधून दीड किलोची लोणच्याची बरणी निघाली होती.

मग बायकोची सॅक आली. सहा किलो चारशे ग्रॅम. ती स्वतः हापशावर तोंड धुवायला गेली होती आणि तिथे आमच्या गाइडशी अहिराणीत बोलत होती. गाइड त्याच गावचा, पन्नाशीचा, काटक माणूस. सगळ्यांची नजर माझ्यावर होती. दुसऱ्यांची लोणची काढायची आणि घरच्यांना सूट द्यायची, हे मला जमणारं नव्हतं. मी सॅक उघडली. सगळ्यात वर नारळ होता. पाचशे चाळीस ग्रॅम. तो काढला की हिशेब बसत होता.

नारळ कशासाठी आहे हे मला माहीत होतं, हे मी लपवत नाही. पण मी नाशकात वाढलेलो. आमच्याकडे देव आणि नारळवाला यांच्यात दहा फुटांपेक्षा जास्त अंतर नसतं. देऊळ आहे म्हणजे बाहेर नारळवाला आहेच, असं मी धरून चाललो. खालून नारळ वर नेणं मला वजनाचा अपव्यय वाटला. मी तो ड्रायव्हरच्या हातात दिला. त्याने तो कपाळाला लावला. किती भाविक माणूस, असं माझ्या मनात आलं.

चढ छातीवरचा होता. कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गाइड रबरी चपला घालून पुढे, त्याच्यामागे बायको, आणि दोघांचं अहिराणी अखंड चालू. पांडवलेणीला लागायचा तो दम तिला इथे लागत नव्हता. मला लागत होता. साडेनऊच्या सुमारास आम्ही पठारावर तळ्यापाशी पोचलो. माथा समोर दिसत होता. राज्यातल्या सगळ्यात उंच किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहायचं, एवढी एकच माझी स्वतःची इच्छा होती.

बायकोने हातपाय धुतले, पदर सारखा केला, सॅक उघडली. खण निघाला, तांदळाची पुरचुंडी निघाली, हळदकुंकू निघालं.

"अहो, नारळ कुठाय?"

"खाली. बसमध्ये. चारशे ग्रॅम जास्त भरत होतं." मग मी गाइडला विचारलं, "इथे नारळवाला कुठे बसतो?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या डोंगरांवरून एकदा नजर फिरवली.

"आठे? आठे कोनी नही बसत, भाऊ."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती देवळाच्या पायरीवर बसली.

"कितीचा होता?"

"पाचशे चाळीस ग्रॅम."

"सतरा वर्षं थांबलेला नवस," ती म्हणाली, "आणि पाचशे चाळीस ग्रॅम."

बायका गोळा झाल्या. एकीने लिंबू पुढे केलं. दुसरी म्हणाली, "वहिनी, सुपारी ठेवली तरी चालते हो. आमच्याकडे ठेवतात." बायको म्हणाली, "आईने नारळ बोललाय." लोणच्याच्या बरणीवाल्या गृहस्थांना बरं वाटत होतं हे उघड दिसत होतं.

"मी घेऊन येतो," मी म्हणालो.

लीडर म्हणाले, "साहेब, दोन वाजता आपण खाली निघतोय. तुमचा माथा होणार नाही."

"माहीत आहे."

एकट्याने उतरताना मी काहीही मोजलं नाही, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. ड्रायव्हर बसच्या सावलीत आडवा झाला होता.

"नारळ दे."

"कोणता, साहेब?"

"सकाळी दिला तो."

तो उठून बसला. "तो तं फोडला ना! तुम्हीच दिला. घाटाची गाडी, ड्रायव्हरच्या हातात नारळ दिला म्हणजे गाडीपुढं फोडायलाच ना? इतक्या वर्षांत मला कोणी नारळ ठेवायला दिला नाय." मग त्याने कागदाची पुडी उघडून माझ्यापुढे धरली. "घ्या, प्रसाद राहिलाय."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी खोबरं खाल्लं, कारण भूक लागली होती.

गावातलं दुकान बंद. दुकानदार बाजाराला गेलेला. ड्रायव्हरने मला गाइडच्या घरी पाठवलं. ओट्यावर त्याची म्हातारी आई नागली पाखडत बसली होती. मी सगळी हकिकत सांगितली. तिने दोनदा ऐकून घेतली. दुसऱ्यांदा तिला समजलं नव्हतं म्हणून नव्हे, आवडली म्हणून.

"बायको वर शे आनि तू खाले?"

"हो, आजी."

"नारळ तूच काढा?"

"हो."

ती उठली, देव्हाऱ्यातला नारळ घेऊन आली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "आते ड्रायव्हरले दाखाडू नको."

दुसऱ्यांदा चढताना मला कळलं की पांडवलेणीच्या सरावात आपण एकदाच चढायचं असं गृहीत धरलं होतं. प्रत्येक दरवाजात मी बसलो. शेवटच्या दरवाजात गाइड मला घ्यायला आला होता. त्याने नारळासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. त्या नारळाच्या बाबतीत आता आणखी कोणाचा हात मध्ये नको होता.

पठारावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सगळे तळ्याकाठी बसलेले. लीडर घड्याळाकडे पाहत होते, पण शिट्टी वाजवली नव्हती. बायको पुढे आली आणि तिने नारळ हातात घेतला. मला तिथेच थांबता आलं असतं.

"थांब," मी म्हणालो. "हा आपला नाही. आपला ड्रायव्हरने गाडीपुढे फोडला. हा गाइडच्या आईने दिला, त्यांच्या देव्हाऱ्यातला. आणि आपल्यातला एक तुकडा मी खाल्लाय."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बायकोने नारळ फिरवून पाहिला.

"आपल्याची शेंडी मी स्वतः बांधली होती. हा आपला नाही हे मला तुम्ही दरवाजातून येतानाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगता की नाही, बघत होते."

"आता चालेल का?"

तिने जरा विचार केला. "आईने नारळ बोलला होता. कुणाच्या घरचा ते बोलली नव्हती." मग देवळाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन ती वळली. "आणि कितीदा चढायचं तेही नाही."

तिने ओटी भरली. बराच वेळ ती हात जोडून उभी होती. मी बाहेर पायरीवर बसून बूट काढायचा प्रयत्न करत होतो, पण पोटऱ्यांना गोळे आल्याने वाकता येत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने खाली बसून माझे बूट काढले.

"आत जाऊन पाया पडा. माझं झालं."

मी पाया पडलो. परत आल्यावर विचारलं, "चार तास इथेच बसून होतीस?"

"नाही हो. तुम्ही गेल्यावर सगळ्यांबरोबर वर जाऊन आले. काय वारा आहे माथ्यावर!"

उतरताना लीडर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्ही तर दीड साल्हेर चढलात." दोनदा पठार म्हणजे दीडपेक्षा जास्तच होतं. पण माथा शून्य वेळा, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

घरी पोचलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बायको वर पोचली तेव्हा मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात कठड्याला धरून बसलो होतो. दार उघडल्याचा आवाज आला, मग मुलीचा.

"झाली ओटी?"

"झाली."

"म्हणजे मी आता पक्की तुमची?"

"पक्की. आता परत करता येणार नाही," बायको म्हणाली. "जा, खाली बाबा बसलेत. त्यांना वर आण."