कोचला केलेला फोन

हेड कोच आमच्या घरी आला त्या दिवशी मी कांदेपोहे केले होते. नवरा म्हणाला, "अगं, मुलगी दाखवायची आहे का आपल्याला?" मी म्हटलं, "दाखवायचाच कार्यक्रम आहे. फक्त बघणारी मी आहे." इथे अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमला एखादा मुलगा हवा असला की कोच स्वतः त्याच्या घरी येतो, आईबापांसमोर बसतो. ईडन प्रेरीतल्या आमच्या सोफ्यावर तो धिप्पाड माणूस मांडीवर बशी धरून बसला होता आणि समोर मी प्रश्नांची यादी घेऊन. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी मी तेच काम फुकट करते.

इथल्या फुटबॉलला फुटबॉल का म्हणतात ते देव जाणे. सगळे चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळत असतात, आणि पायाने मारायचं काम एकट्या किकरचं. आमचा लेक किकर. म्हणूनच मी त्याला खेळू दिलं, कारण किकरला फारसं कुणी धडकत नाही. पण फारसं म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. पहिलाच प्रश्न मी तो विचारला. "डोक्याला मार लागला तर?"

"लागू शकतो," कोच म्हणाला. "लागणारच नाही असं सांगणारा कोच आला तर त्याला घरात घेऊ नका."

मग त्याने बशी खाली ठेवली. म्हणाला, मार लागल्यावर खेळायचं की नाही हे मी ठरवत नाही, डॉक्टर ठरवतो. पण डॉक्टरला कळायला तर हवं. "तुमचा मुलगा माझ्याशी खोटं बोलेल. चांगले खेळाडू सगळे बोलतात, बाहेर बसावं लागू नये म्हणून. तुमच्याशी त्याला ते जमणार नाही. हा माझा नंबर. त्याला का खेळवत नाही हे विचारायला फोन करू नका. त्याचं काही बिनसलंय असं वाटलं तर कधीही करा. मी उचलीन."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच घरात बसून, माझेच पोहे खात, माझा मुलगा खोटं बोलेल म्हणतो! "आमचा मुलगा खोटं बोलत नाही," मी ठणकावून सांगितलं. कोचने आणखी थोडे पोहे मागून घेतले. त्याचं कार्ड मी देवघरात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं. आमच्याकडे हरवू नये अशी प्रत्येक वस्तू तिथेच जाते.

लेक त्याच कॉलेजात गेला, गाडीने तीन तासांवर. दोन वर्षं बाहेर बसण्यात गेली, आणि तिसऱ्या वर्षी तो टीमचा मुख्य किकर झाला. त्या वर्षी टीम मात्र हरत होती. ओळीने तीन मॅच गेल्या होत्या. कोचला काढा, म्हणून लोक ओरडायला लागले होते. चौथ्या मॅचमध्ये आमच्या लेकाने मारलेला चेंडू समोरच्या पोराने झेलला आणि तो सगळ्यांना चुकवत सुसाट सुटला. वाटेत शेवटचा उरला होता आमचा लेक. तो सरळ त्याच्या पायात घुसला. डोकं त्या पोराच्या गुडघ्यावर आपटलं, दोघं कोसळले, आणि मॅच वाचली. लेक उठला, त्याने अंगठा दाखवला. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. "आपला वाघ!" मीसुद्धा खाली हृदयं टाकली, जळलं माझं लक्षण.

त्यानंतरच्या शुक्रवारी, स्वयंपाकाच्या आधी, त्याचा व्हिडिओ कॉल आला. खोलीत अंधार. मी म्हटलं, "दिवा लाव ना रे, तोंड तरी दिसू दे." तो म्हणाला, "नको आई, ब्राइट वाटतं." मग विचारलं, "तुम्ही उद्या किती वाजता निघणार?" मी सांगितलं, सातला. मंडळातली चाळीस माणसं येणार होती, स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये वडे आणि मिसळ, बॅनरसुद्धा झाला होता. हे सगळं सांगून होतंय तोच तो म्हणाला, "बाय द वे, तुम्ही उद्या किती वाजता निघणार?"

टेस्टिंगमध्ये एक गोष्ट पक्की शिकलेय. एकदा झालेली गडबड योगायोग असते, दुसऱ्यांदा झाली की शोधायला लागायचं. मी शोधायला लागले. डोकं दुखतंय का? थोडं. कधीपासून? मॅचपासून. उलटी झाली? त्याने फोन छताकडे वळवला. "झाली का रे?" "काल, वन टाइम. आई, इट्स नथिंग."

"तू कोचला सांगितलंस?"

"नो! आणि तूही सांगायचं नाहीस. मला काढतील. आई, माझी शपथ आहे तुला. माझ्या गळ्याची."

आता हे इथे वाढलेलं पोर. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतं, आरतीची दोन कडवीसुद्धा धड येत नाहीत. पण शपथ त्याला बरोबर येते, कारण ती त्याने माझ्याकडूनच उचलली. लहानपणी लपवून चॉकलेट खाल्लं की तो म्हणायचा, "बाबाला सांगायचं नाही, माझी शपथ." मग मी दिवसभर त्याच्या मागे, "अरे, सुटली म्हण, सुटली म्हण." कारण ज्याची शपथ घातली तो जोवर स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हणत नाही, तोवर ती सुटत नाही. आणि मोडली तर त्याच्याच जिवावर येते. मी एमएस्सी आहे, पंचवीस वर्षं या देशात आहे, आणि हे सगळं खुळचट आहे हे मला कळतं. पण माझ्या आईने हे माझ्यात असं मुरवलंय की कळून उपयोग काहीच नाही. मी म्हटलं, "सुटली म्हण आधी." त्याने फोन ठेवला.

नवऱ्याला मी सांगितलं नाही. त्यालाही सांगायचं नाही, असंच शपथेत आलं असं मला वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सकाळी निघताना देवाला नमस्कार केला आणि अन्नपूर्णेच्या मागचं ते कार्ड पर्समध्ये टाकलं. नुसतं असू दे, असं मी स्वतःला सांगत होते.

पार्किंगमध्ये मंडळी जमली. वड्यांचा वास, ढोलाचा आवाज, भगवे फेटे बांधलेली आयटीतली पोरं. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ काका, आयुष्यभर इथे डॉक्टरकी करून आता रिटायर झालेले, खुर्चीत बसून फर्मानं सोडत होते. "कोच कसला हा! जिंकून देतो तो कोच. बाकी सगळी भाषणं." सगळे हसले. मी मिसळीत फरसाण घालत होते.

मी काकांच्या शेजारी बसले. "काका, एक विचारू? डोक्याला मार लागला, आणि पाचसहा दिवसांनी उलटी झाली तर?"

काकांनी प्लेट खाली ठेवली. "कुणाला?"

"ऑफिसातल्या एकीच्या मुलाला."

"उजेडाचा त्रास होतो? तेच तेच विचारतो?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"त्याला आज डॉक्टरकडे ने म्हणावं. आणि त्यात पुन्हा मार लागला तर घात होईल, सांग तिला." ते माझ्याकडे बघत राहिले. हसणं पार गेलं होतं. "आज, बरं का. उद्या नाही."

मी उठले. गाड्यांच्या मागे, कचऱ्याच्या पिंपांपाशी जाऊन उभी राहिले. मॅचला दोन तास होते. शंभर पोरांची टीम, स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली, आणि या वेळी हा माणूस फोन उचलणार? मनातून मला वाटत होतं, नकोच उचलू. म्हणजे मी केला होता फोन, असं म्हणता येईल.

दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

मी म्हटलं, मी अमुकची आई. तो म्हणाला, पोहे. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "मला काही सांगता येत नाही. मला शपथ घातलीय." हे इंग्रजीत सांगायला लागलं की किती वेडगळ वाटतं! तो हसला नाही. मी पळवाट काढली, "तुम्ही विचारा, मी गप्प बसेन, त्यावरून तुम्ही ओळखा." तो शांतपणे म्हणाला, "मी ओळखीन. पण डॉक्टरला माझा अंदाज चालणार नाही. काय झालं, कधी झालं, हे लागेल. आणि ते फक्त तुम्हाला माहीत आहे."

मग मी सांगितलं. उजेड, दोनदा विचारलेला प्रश्न, गुरुवारची उलटी. सगळं. तो म्हणाला, "थँक यू. तुमचं नाव येणार नाही." फोन बंद झाला आणि मला पहिली भीती वाटली ती अशी की आता माझ्या लेकाला काहीतरी होणार, आणि ते मी केलेलं असणार.

टीम मैदानात आली. आमचा लेक हेल्मेटशिवाय, नुसता टी-शर्ट घालून आला. आमच्या चाळीस जणांत कुजबुज सुरू झाली. नवरा म्हणाला, "अगं, हे काय? विचार ना कुणाला तरी." मी म्हटलं, "गप्प बस." लेक कोचच्या तोंडासमोर जाऊन हात उडवून ओरडत होता. इतक्या लोकांदेखत! कोच ऐकत राहिला.

मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत ताणली गेली. मग शेवटचा चेंडू मारायला बदली किकर आला, पहिल्या वर्षाचं पोरगं. ते चुकलं आणि मॅच गेली. स्टेडियमभर हुर्यो उडाली, ती कोचची. मी बघत होते, तो आधी कुठे जातो. तो त्या पोराकडे गेला, त्याचं हेल्मेट दोन्ही हातांत धरून त्याच्याशी काहीतरी बोलला, आणि हुर्यो चालू असताना त्याला आपल्या बाजूला घेऊन चालत बाहेर आला. नंतर पत्रकारांना म्हणाला, "मुख्य किकरला न खेळवण्याचा निर्णय माझा." एवढंच.

लेक बाहेर आला तेव्हा रागाने लाल झाला होता. डॉक्टरांनी तपासून सीझन संपला म्हणून सांगितलं होतं. "कोच म्हणतो त्याला माझ्या चालण्यावरून डाउट आला. बुलशिट! मी त्याच्यासाठी खेळणार नाही. आय ॲम लीव्हिंग. दुसऱ्या कॉलेजात जातो." नवरा म्हणाला, "बरोबर आहे, असल्या माणसाकडे राहायचंच कशाला?"

तोंड मिटून राहिले असते तर मी सुटले होते. कोचने मला झाकलं होतं, स्वतःच्या अंगावर घेऊन. पण मग माझं पोर जगातल्या त्या एका कोचला सोडून गेलं असतं, जो मॅच हरेल पण त्याला मैदानात उतरवणार नाही.

"मी फोन केला," मी म्हटलं. "मी सांगितलं त्याला."

लेकाने माझ्याकडे असं बघितलं की ते मी कधी विसरणार नाही. गाडीत मागे बसला, तीन तास डोक्यावर जॅकेट घेऊन. मंडळातल्या कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, कोचला अक्कल नाही. त्याखाली काकांनी लिहिलं, "मी सकाळी चुकलो. या कोचच्या हाताखाली माझ्या नातवाला मी डोळे झाकून पाठवीन."

आठवडाभर लेक घरी, पडदे ओढलेल्या खोलीत. कोचचा रोज दुपारी फोन यायचा. पहिले दोन दिवस लेकाने घेतला नाही, तिसऱ्या दिवशी घेतला. माझ्याशी मात्र बोलणं बंद. मी घरून काम करत होते, लॅपटॉप घेऊन त्याच्या दाराबाहेर जिन्यावर बसायचे. दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून तो श्वास घेतोय ना, बघायचे. आईपासून पणजीपर्यंतच्या सगळ्या बायका माझ्या कानात बोलत होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी त्याने दार उघडलं. "आई, तू इथे का बसतेस? डॉक्टर म्हणाला आय ॲम ओके."

"तुझी शपथ मोडलीय मी," मी चिडूनच म्हटलं. "लक्ष नको ठेवायला?"

त्याला कळेना. मग कळलं. तो जिन्यावर माझ्या शेजारी बसला, डोळे उजेडाने बारीक केलेले. "वेट. शपथ मोडली तर मी मरेन, असं तुला खरंच वाटत होतं?"

"हो."

"आणि तरी तू फोन केलास?"

"केला."

मग त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, अगदी हळू, दुखू नये म्हणून.

"सुटली," तो म्हणाला. "आई, सुटली, ओके?"