लीगच्या कोळेकरबाई

सामना सुरू व्हायच्या तासभर आधी कोळेकरबाई मैदानावर यायच्या आणि सरावाला उतरणाऱ्या खेळाडूंना एकेक करून गाठायच्या. कोण जखमी आहे, कोण फॉर्मात आहे, याची त्यांना उत्सुकता नसे. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "पगार कवा झाला रं?" उत्तर द्यायच्या आधी एखादा आपल्या बुटांकडे बघायला लागला, तर सोमवारी त्याच्या क्लबला पत्र गेलंच म्हणून समजा.

लक्ष्मी कोळेकर आमच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या आर्थिक तपासनीस होत्या. त्यांनी परवाना दिल्याशिवाय कुठल्याही क्लबला हंगामात उतरता येत नसे. खेळाडूंचे पगार वेळेवर द्यायचे आणि क्लबच्या खऱ्या कमाईला झेपेल एवढाच खर्च संघावर करायचा, एवढे दोनच नियम. बाई मूळच्या कवठे महांकाळच्या, मेंढपाळ घरातल्या. घरात त्याच पहिल्या सीए. सांगलीच्या विश्रामबागेत त्यांचं ऑफिस होतं. अहवाल इंग्रजीत असा लिहायच्या, की भलेभले वकील गप्प व्हायचे; बोलणं मात्र गावचंच राहिलं. चेंडूला त्यांनी जन्मात कधी पाय लावला नव्हता.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि सांगलीच्या क्लबचा सचिव झालो. आमची पहिली भेट काही गोड नव्हती. आमच्या गोलकीपरचा तीन महिन्यांचा पगार थकला होता, आणि ‘खेळाडू पगारासाठी खुशीने थांबले आहेत’ असं त्याच्या सहीचं पत्र मी परवान्याच्या अर्जाला जोडलं होतं. बाईंनी पत्र वाचलं, फोन उचलला, माझ्यासमोरच गोलकीपरला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"खुशीनं थांबलायस व्हय?"

"सही केली नसती तर बाकावर बसवणार होते, मॅडम."

मी गोळीबारात कधी मान खाली घातली नाही, तिथं घातली. तरी म्हणालो, "मॅडम, आमचा गरीब क्लब. श्रीमंतांशी टक्कर द्यायची म्हणजे..."

"श्रीमंतानं खोटं पैसं दाखवून खेळ बिघडवायचा, आनि गरिबानं पोरांचा पगार बुडवून. आवं सुभेदार, दोन्हीत फरक काय सांगा की!"

आमचे तीन गुण कापले गेले. नव्या खेळाडूंवर बंदी आली. महागडा परदेशी स्ट्रायकर सोडून आम्ही मिरज-तासगावकडच्या स्थानिक स्पर्धांतले खेळाडू घेऊन हंगाम काढला. वर्षभर मी बाईंना रामराम घातला नाही. पण पगार एक तारखेला व्हायला लागले आणि आमचा संघ वेगळाच पळायला लागला, हे मला दिसत होतं.

पुढच्या हंगामात साताऱ्याच्या क्लबनं धुमाकूळ घातला. मालक जयवंतराव औद्योगिक वसाहतीतले बडे कारखानदार. देशभरातले खेळाडू त्यांनी उचलून आणले. एवढी कमाई कुठली, तर गोलमागच्या एका जाहिरात फलकाची! फलक जयवंतरावांच्या मेहुण्याच्या कंपनीचा.

बाई एसटीनं साताऱ्याला गेल्या. सोबत मला नेलं, साक्षीदार म्हणून. मैदानात पदर खोचून, गुडघ्यावर बसून त्यांनी टेपनं तो फलक मोजला. मग शेजारचा कंदी पेढेवाल्याचा मोजला. माप तंतोतंत एक. दर मात्र वीसपट. तिथून रिक्षानं मेहुण्याच्या कंपनीत गेलो, तर पत्र्याची एक बंद शेड. कुलपाला गंज चढलेला.

सुनावणीच्या आधी लीगच्या अध्यक्षांनी अहवाल जरा मवाळ करायला सुचवलं. बाईंनी पर्समधून घडी घातलेला राजीनामा काढून टेबलावर ठेवला. "त्यातला एक शब्द बदलायचा आसंल तर आदी ह्यावर सही करा." अध्यक्षांनी पेन खिशात परत ठेवलं.

सुनावणीत जयवंतराव मात्र कडाडले, "माझा पैसा, माझा क्लब. मी उधळीन नाहीतर जाळीन. तुमच्या का पोटात दुखतंय?"

बाईंचा आवाज चढला नाही. "पैसा तुमचा हाय, लीग तुमची न्हाई. कळप मोठा असला म्हून तळं त्येचं व्हत न्हाई, जयवंतराव. आनि उद्या तुमचं मन उडालं तर ह्या बावीस पोरांचं काय?"

निकाल लागला. साताऱ्याचे सहा गुण गेले, शिवाय खेळाडूंचे पुढच्या हंगामाचे पगार लीगकडे अनामत ठेवायचा हुकूम झाला. गुणतक्त्यात ते आमच्या बरोबरीला आले आणि शेवटचा सामना नेमका आमच्याशीच पडला. सांगलीचं मैदान फुटेस्तोवर भरलं होतं. ऐंशीव्या मिनिटाला आमच्या तासगावच्या विंगरनं गोल केला, आणि पुढची दहा मिनिटं मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. सांगली विजेती झाली! साताऱ्याचा कप्तान मैदानातून थेट बाईंकडे गेला आणि तोंडाला येईल ते बोलला.

वर्षाच्या आत जयवंतरावांचं मन खरंच उडालं. त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला. पण अनामतीतून पगार निघत राहिले. खेळाडू आणि गावकऱ्यांनी मिळून क्लब चालवायला घेतला, आणि लीगच्या वार्षिक सभेला त्यांचा प्रतिनिधी म्हणून तोच कप्तान आला.

सभेत बाईंचा ठराव होता : प्रत्येक क्लबनं अशी अनामत कायम ठेवायची. त्याला सगळ्यांचं एकमत लागणार होतं. श्रीमंत क्लब कुजबुजत होते. तेवढ्यात कप्तान उठला.

"ह्या मॅडमनी आमचं विजेतेपद घालवलं. मी त्यांना भर मैदानात शिव्या दिल्यात. पण मालक पळाला तेव्हा आमच्या बावीस घरांतली चूल ह्यांच्यामुळं पेटती राहिली. साताऱ्याचा हात वर!"

त्याच्यामागे कोल्हापूर, मग सोलापूर, मग एकेक करत हात वर जात राहिले. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. बाईंनी सभागृहावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"आवं सुभेदार, एका हातासाठी ठराव अडलाय. टाळ्या मागनं वाजवा, आदी मत द्या की!"