फळीला पाय कसा बांधावा

देवानं माणसाला हात-पाय दिले, कंबर दिली, मान दिली, आणि हे सगळं कशानं, कुठं आणि किती घट्ट बांधायचं हे ठरवायचं काम आमच्या थोरल्या साडूंकडं सोपवून तो मोकळा झाला. बारामतीपासून इंदापुरापर्यंत असा एक बंद, बक्कल, कडी, कोयंडा किंवा खटका नसेल, की ज्याला साडूंचं बोट लागलेलं नाही. वालचंदनगरला कंपनीत ते फिटर होते, पण ती आठ तासांची नोकरी त्यांच्या दृष्टीनं जोडधंदा. खरं काम सुटी झाल्यावर सुरू व्हायचं. स्वतःच्या लग्नात मंगळसूत्र हातात आल्यावर त्यांनी ते नवरीच्या गळ्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांपाशी नेलं आणि भटजींना म्हणाले, "थांबा जरा, ह्यो आकडा सुटंल." मग गावातल्या सोनाराची पकड येईपर्यंत पंगती खोळंबल्या, वाढलेला भात गार होऊन त्याच्या विटा पडल्या आणि त्या विटांत पुढं माझ्या सासऱ्यांनी गोठ्याची एक भिंत उचलली. नवरी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का. ती अजून सांगते, "मुहूर्त टळला, पर आकडा हाय तसाच हाय."

बारामतीत चप्पल घ्यायला आले की ते दुकानात बसून एकेक बक्कल शंभर वेळा लावून-काढून बघत. दुकानदारानं शेवटी त्यांना वेगळं स्टूल दिलं. गिऱ्हाइकं त्यांनाच नोकर समजत, आणि एका बाजाराच्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत अकरा जोड खपवून स्वतः मात्र अनवाणी घर गाठलं, कारण एकही बक्कल पसंत पडलं नव्हतं. एसटीचं दार सुतळीनं बांधलेलं दिसलं की ते कंडक्टरला बाजूला सारून खिशातला पान्हा काढत. दार असं बसायचं की लासुर्ण्याची माणसं थेट इंदापूरला जाऊन खिडकीतून उतरायची. मयताच्या घरीसुद्धा ते आधी तिरडीच्या गाठी तपासत. कुणीतरी एकदा म्हणालं, "दाजी, असू द्या आता, माणूस सुटला." त्यावर साडू गाठ आवळत शांतपणे म्हणाले, "त्यो सुटला, म्हून आपुन ढिलं बांधायचं व्हय?"

तर अशा माणसाकडं नव्वदच्या दशकाच्या शेवटाला एका दिवाळीनंतर बेबीचं पत्र आलं. बेबी ही त्यांची एकुलती एक मुलगी. वय चोवीस, इंजिनिअर, मुक्काम अमेरिकेतलं डेन्व्हर. इथं होती तेव्हा पेनात शाई कुठली भरू इथपासून सगळं दादांना, म्हणजे साडूंनाच, विचारायची. तिकडं गेल्यावर मात्र दोन वर्षांत तिनं काहीच विचारलं नव्हतं. नोकरी धरली, बदलली, घर बदललं, मोटार घेतली, सगळं झाल्यावर कळवलं. साडू उत्तरादाखल 'आम्ही खुशाल, तुझी खुशाली कळव' एवढं लिहायचे आणि दर आठवड्याला पोस्टमनच्या सायकलीचं कॅरिअर उगीचच घट्ट करून द्यायचे.

या पत्रात तिनं लिहिलं होतं की, ऑफिसातली मंडळी सुटीत बर्फाच्या डोंगरावर जातात, दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडतात आणि उतारावरून घसरत खाली येतात, मलाही शिकायचंय. फळी ठरलीय, पण पाय जखडायचे सांगाडे दोन तऱ्हेचे मिळतात. 'दादा, तुम्ही सांगाल ते घेईन. बर्फ मार्चपर्यंत असतो.' सोबत दुकानाच्या पुस्तकातली चार रंगीत पानं.

पत्र घेऊन साडू दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं बारामतीला हजर. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळं जगात जे जे इंग्रजीत छापलं जातं त्याला मी जबाबदार, असं त्यांचं मत.

"वाचा मास्तर. एक शब्द खायचा न्हाय."

मी वाचलं. पहिल्या तऱ्हेत बूट सांगाड्यात ठेवायचा आणि वरून दोन पट्टे घ्यायचे, एक घोट्यापाशी, एक बोटांवर. पट्ट्याला दाते असतात, ते खटक्यात कर्रकर्र ओढून आवळायचे. त्यासाठी प्रत्येक वेळी बर्फात बसावं लागतं. दुसऱ्या तऱ्हेत सांगाड्याची पाठच मागं पडते. उभ्या उभ्या मागून पाय आत सारायचा, पाठ वर घ्यायची, खटका दाबायचा. झालं.

"म्हंजे एक पुढच्या दारानं आन एक मागच्या दारानं," साडू म्हणाले. "मागच्या दारानं आत शिरणाऱ्याचा मला भरवसा न्हाय. पर ह्ये घालायला सोपं हाय."

"अक्का काय म्हणते?"

"तिचं एकच. पोर बर्फात बूड टेकून बसणार न्हाय."

त्या रात्री साडूंनी बेबीला आठ पानी पत्र लिहिलं, आकृत्यांसकट. पुढच्या आठवड्यात आणखी सहा पानी. बुटाचा तळ किती इंच, बर्फ भुरभुरीत की चिकट, पट्टा रबरी की कातडी, असे चाळीसेक प्रश्न. चोवीस वर्षांत त्या बाप-लेकीत जेवढं बोलणं झालं नसेल तेवढं दीड महिन्यात टपालानं झालं.

आणि तेवढ्यात माझ्या बायकोच्या नावानं बेबीचं वेगळं पत्र आलं. 'मावशी, सगळे निघाले होते म्हणून मी मागून पाय घालायचे सांगाडे कधीच घेऊन टाकलेत. दादांना सांगू नकोस. ते पहिल्यांदाच मला एवढं लिहितायत.' बायकोनं पत्र कपाटात साड्यांखाली सारलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी त्या दिवसापासून साडूंसमोर तोंड उघडायचं ते फक्त चहासाठी.

नुसत्या विचारानं निवड होईना, तेव्हा साडूंनी दोन्ही तऱ्हा स्वतः बनवल्या. फळी बैलगाडीच्या जुन्या साटीची. एका जोडीला मशिनच्या पट्ट्याचे तुकडे, दुसऱ्या जोडीला पत्र्याच्या ट्रंकेच्या बिजागऱ्या. बर्फ आमच्याकडं फक्त रसवंतीत. पण हंगाम ऐन भरात होता, आणि साखर कारखान्याच्या मागं रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचा डोंगर उभा होता. हिमालय त्याच्यापुढं दोन-चार हातच उंच असेल. रखवालदाराच्या पेटीचं कुलूप पूर्वी साडूंनीच दुरुस्त केलं होतं, त्यामुळं त्यानं फक्त एवढंच विचारलं, "दाजी, घरच्यांला म्हाईत हाय न्हवं?"

एका रविवारी सकाळी बावन्न वर्षांचे आमचे साडू खाकी हाफपँट, कंपनीचे बूट आणि कानटोपी अशा वेषात त्या शिखरावर उभे राहिले. खाली ऊस घेऊन आलेल्या पन्नासेक गाड्यांची रांग होती. गाडीवानांनी विड्या पेटवल्या आणि जागा धरून बसले. पहिल्यांदा मागच्या दाराची तऱ्हा. पाय झटक्यात आत गेला, पण बिजागरीत भुसा शिरून पाठ वर येईना. साडूंनी काडीनं भुसा कोरून काढला आणि मला वरून ओरडून सांगितलं, "लिवा मास्तर, बर्फ शिरला तर अडकंल." मग खटका बसला आणि ते दहा फूट असे आले, की एका बैलानं रवंथ थांबवला. त्यानंतर पट्ट्याची तऱ्हा. ते भुशात बसले, अंग खाजवलं, एक पट्टा आवळला, पुन्हा खाजवलं, दुसरा आवळला. गाडीवानांच्या दोन विड्या संपल्या.

"उठा की आता, हंगाम संपंल," खालून एकजण म्हणाला.

साडू उठले, निघाले, आणि निम्म्या उतारावर फळीचं टोक रुतलं. त्यांनी हवेत जी कोलांटी घेतली ती माळेगावापर्यंत दिसली म्हणतात. खाली आले ते डोकं भुशात आणि दोन पाय फळीसकट आभाळाकडं. हात धडपडत होते, पण पायांपर्यंत पोचत नव्हते. आम्ही धावलो. कुणी फळी ओढतोय, कुणी पाय. पट्ट्याचा खटका कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच कळेना. शेवटी आबा नावाचे एक म्हातारे गाडीवान पुढं झाले, त्यांनी विळ्यानं पट्टे कापले आणि साडूंना बाहेर काढून बसतं केलं. मग फळी उलटीपालटी करून बघत म्हणाले, "बांधलंय झ्याक. पर ही जुपणी सोडायची कुठनं?"

सगळे हसले. साडू हसले नाहीत.

परत जाताना साडू स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. कालवा आल्यावर बोलले, एखाद्या दुसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तसे. अठरा वर्षांचे असताना वडलांची उसाची गाडी ते एकटेच घेऊन निघाले होते. बैलाच्या गळ्याखालून जोखडाला बांधायची दोरी, म्हणजे जुपणी, एका ओढीत सुटेल अशी बांधायची असते. त्यांनी सकाळी ती, सुटू नये म्हणून, दुहेरी गाठीनं बांधली. कालव्याच्या कडेला गाडी कलंडली, एक बैल पाण्यात लोंबकळला, आणि ओली गाठ फुगून दगडासारखी झाली. "गाठ माझीच हुती, मास्तर. लई घट्ट. समद्यांनी नंतर बघून म्हटलं, बांधावी तर अशी."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पोरगी पडली तर पाय सुटंल का? ते वाचा पुन्यांदा."

घरी येऊन मी चारही पानं पुन्हा वाचली. दोन्ही तऱ्हांत, पडलं तरी पाय आपोआप सुटत नाही. तसं मुद्दामच केलेलं असतं, कारण एक पाय सुटून दुसरा अडकला तर तो पिरगळतो. मी हे सांगितल्यावर साडूंनी पानांची घडी घातली आणि न जेवता गेले. पुढचे पंधरा दिवस बेबीला पत्र नाही. अक्काचा निरोप आला की हे रात्रंदिवस पलंगाला पाय बांधून घेतात आणि डोळे मिटून सोडवतात, आम्हा दोघांत आता बोलणं बंद आहे.

मार्च जवळ आला तसे ते एका सकाळी मला घेऊन वालचंदनगरच्या फोन बूथवर गेले. बूथच्या दाराचा कोयंडा ढिला होता. त्यांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

"बेबी, पट्ट्याची घे," ते म्हणाले. "मागच्या दाराची नको. ती खटक्यात लागती, मानूस बघत न्हाय काय लागलं ते. पट्टा बसून आपल्या हातानं बांधावा लागतो. जे हातानं बांधलं ते हाताला ठावं असतं. डोळ्यात बर्फ गेला तरी हात बरोबर तितं जातो. आन एक. बांधायला बसशील तवा जरा दम खाशील."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. साडू "बरं, बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडं न देताच ठेवला.

"काय म्हणाली?"

"घेते म्हनली. तुमी सांगायचीच वाट बघत हुते म्हनली."

मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडं बघायला लागलो.

एप्रिलात फोटो आला. निळं आभाळ, पांढरा डोंगर, आणि मधे बर्फात फतकल मारून बसलेली बेबी, दोन्ही हातांनी घोट्यावरचा पट्टा आवळताना. तिनं आपले सांगाडे बदलून आणले, की मैत्रिणीची फळी घटकाभर मागून घेतली, हे मी विचारलं नाही, बायकोनंही नाही. साडूंनी भिंग लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, "उजवा एक दाता ढिला हाय. चालंल." फोटो ट्रंकेत गेला आणि काम संपलं. त्यानंतर त्यांचं पत्र पुन्हा दोन ओळींचं झालं. आम्ही खुशाल, तुझी खुशाली कळव.

मे महिन्यात अक्का आमच्याकडं कुरडया करायला आली होती. चीक घोटता घोटता माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "बेबीला एक पत्र लिही गं. म्हणावं, दादांला अजून कायतरी विचार."