आजीनं लावलेलं तेल

आमच्या घरात राज्य आजीचं. सोनीबाई तिचं नाव, पण सारा ढिवर मोहल्ला तिले बुढीच म्हणे. मांडीवर कोशाचा, रानरेशमाचा, धागा वळू-वळू तिचं कातडं टाचेवानी निबर झालं होतं. माह्या बापाची, लटारूची, तिच्यापुढं मान वर करायची हिंमत नव्हती. माह्यावर मात्र तिचा असा जीव, का मासोळीचा मधला तुकडा तिच्या ताटातून गुपचूप माह्या ताटात ये. म्हणूनच मले तिचा जास्त राग आला.

कारण नेम तिचाच होता. कोशाचे किडे ऐनाच्या झाडावर चढवले का एका माणसानं राखण धरायची. किडे कोसे बांधेपर्यंत त्यानं रान सोडायचं नाई, मासोळी खायची नाई, डोक्साले तेल लावायचं नाई. नेम मोडला तर किडे मरतेत म्हणे, म्हणून त्याले हाकलायचं अन् दुसऱ्याले बसवायचं.

आदल्या सालापर्यंत राखणीले आजीच बसे; छप्पन सालच्या आषाढात तिले दिसेनासं झालं अन् बापानं मले बसवलं. मी बारा वर्षांची, नुकतीच चौथी पास. आमचे गुणवंतराव मास्तर बदली होऊन आरमोरीले चालले होते. ते रानात येऊन बापाले म्हणाले, "पोरीले संगं नेतो, पाचवीत घालतो. सोमवारी दुपारी बैलाची बंडी निघन."

बाप म्हणे, "राखण धरलेलं माणूस उठत नसते, मास्तर. मायचा नेम आहे."

आजी तिथीच बसून, अन् एक शब्द बोलली नाई! मी गलोलीनं पाखरं हाकलू अन् रडू. चारी बाजूनं रान मोकळं, पण पाय बाहेर टाकायची सोय नाई. जळो ते किडे, म्हणू मी.

सोमवारी सकाळी आजी चाचपडत जेवण घेऊन आली. मले जवळ बसवलं अन् वाटीभर तेल माह्या डोक्सावर थापलं. कानावरून ओघळलं. "जा," म्हणे, "बापाले डोक्सं दाखव." अन् चालली गेली.

बुढीचं डोकं फिरलं वाटते! किडे मेले तर बाप कातडं सोलन. मी नाल्यावर धावली, राख अन् चिखल लावून तीनदा डोक्सं घासलं अन् परत राखणीले येऊन बसली.

दिवस कलताना आजी आली. "कोण आहे? पोरीच्या जागी दुसरं कोण बसलं राखणीले?"

"नाई आजी, मीच आहो."

तिनं माह्या केसायवरून हात फिरवला. "धुतलंस काऊन वं?"

"कोणाले कळू नाई दिलं," मी मोठ्या ऐटीत म्हटलं. "तुहा नेम मोडला नाई, आजी."

ती मटकन खालीच बसली. "मोडायसाठीच त लावलं होतं, माय! चाळीस वर्षं साऱ्यायले ज्या नेमात ठेवलं, तो माह्या तोंडानं कसा मोडू? गेली ना बंडी!"

मी तिथीच हंबरडा फोडला.

त्या साली कोसे कधी नाई इतके उतरले. सारे म्हणाले, पोरीचा हात मोठा गुणाचा. बापानं खूश होऊन सांगून टाकलं, आता दरसाल राखणीले हेच बसन. लगन होईपर्यंत, सात वर्षं, मीच बसली.