दीडमजली मिस्त्रींचं क्षेत्रफळ

आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडं, प्रत्येकाला एक खोली आणि प्रत्येक खोलीत लाकडी माळा. सगळे माळे एकाच सुताराने बांधलेले, म्हणून त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ते 'दीडमजली मिस्त्री'. बारा बाय दहाच्या खोलीत ते असा माळा चढवत की मुलांचा अभ्यास, सासूबाईंचा रुसवा, सगळं वर मावायचं. आणि एक खिळा दिसायचा नाही.

मिस्त्रींच्या स्वतःच्या खोलीत खाली बायको आणि लेक, वर मिस्त्री. बायकोचे गुडघे गेले, तिला शिडी चढवेना, आणि खाली पलंग, शेगडी, शिलाई मशीन यांतून तिसऱ्या माणसाला पाय पसरायला जागा उरेना. सहा वर्षं नवरा खाली जेवायचा आणि वर झोपायचा. "परगावी नोकरीला असते तर निदान पत्रं तरी आली असती," ती म्हणायची. हसायची, पण रोज म्हणायची.

मग सरकारला आमचा कळवळा आला. परवडणाऱ्या घरांचा कायदा झाला. माणशी पन्नास चौरस फुटांहून कमी जागेत राहणाऱ्यांना स्वस्तात नवं घर! जन्मभर ज्याची लाज बाळगली, तीच आमची पात्रता ठरली. मिस्त्रींची जागा भरली माणशी चाळीस. कुठली भांडी न्यायची आणि कुठली टाकायची, हे बायकोने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

तपासणीचे साहेब आले ते पहिल्याच खोलीत, म्हणजे मिस्त्रींकडे. टेप लावली, एकशे वीस लिहिलं, निघाले. दारातून त्यांची नजर वर गेली.

"हे कोणी केलं?"

दुसरा कोणी "अडगळ आहे, साहेब" म्हणून मोकळा झाला असता. पण चाळीस वर्षांत एकाही साहेबाने मिस्त्रींना हा प्रश्न विचारला नव्हता.

"मीच. चढून बघा ना! नाचलात तरी कुरकुरणार नाही."

साहेब चढले. नाचले नाहीत, पण टेप घेऊन गेले होते. "अप्रतिम काम," म्हणाले, आणि आणखी ऐंशी चौरस फूट लिहून खाली उतरले. शेरा पडला: पुरेशी जागा, मजबूत बांधणी, अपात्र.

माळाही मोजतात हे कलम कायद्याच्या सातव्या पानावर होतं. मी शाळामास्तर. तीन पानं वाचून मी इमारतभर व्याख्यानं झोडली होती.

बाकीच्यांची तपासणी आठवड्याने होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही एकवीस जण मिस्त्रींच्या दारात उभे. लाज? ती ठेवायला जागा कुठे होती! त्यांनी एकवीस माळे उतरवले, पुन्हा चढवताना चुकू नये म्हणून प्रत्येक फळीवर पेन्सिलने आकडा घातला, आणि आम्ही सगळे पात्र झालो. मग ते स्वतः कचेरीत गेले. "माझाही उतरवतो," म्हणाले.

"उतरवा की," कारकून म्हणाला. "नोंदीत मात्र तो राहणार."

यथावकाश आम्हाला घरं मिळाली. घर स्वस्त करायचा सोपा उपाय सरकारला सापडला होता: ते लहान करायचं. माझं अकरा बाय अकरा, मोरी आत, एवढीच काय ती प्रगती. पहिल्याच महिन्यात मी मिस्त्रींना बोलावलं. जुन्या फळ्या, जुने आकडे, दिवसभरात माळा उभा. आमच्या ट्रंका वर गेल्या, खाली फरशी मोकळी झाली. पलंग अजून यायचा होता.

मजुरी घेईनात. "एक विचारू, मास्तर? हिला एकदा घेऊन येऊ? परवडणारं घर आतून कसं दिसतं ते बघायचंय तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली. तिने काठी भिंतीला टेकवली, फरशीवर हात फिरवला, हळूच बसली आणि पाय लांब केले.

"अहो, तुम्हीपण या ना."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते तिच्या शेजारी बसले, मग पाठ टेकली. तीही आडवी झाली.

"मावलो की हो," ती म्हणाली.

मी काहीतरी शोधायचं निमित्त करून माळ्यावर चढलो आणि ती दोघं जाईपर्यंत खाली उतरलो नाही. दोनदा कूस बदलली, एकदा डोळे पुसले. माळा जराही कुरकुरला नाही.